पांढऱ्या रेघांच्या होड्या

मुलगी नोकरीसाठी बॉस्टनला निघाली, त्याच्या आदल्या शनिवारी ती मला एका वर्कशॉपला घेऊन गेली. जपानी पद्धतीनं लाकडावर कोरून छापायचं चित्र: समुद्रकिनारा, एक वाकडं पाइनचं झाड आणि तीन होड्या. नव्या घराच्या भिंतीवर तिला आम्ही दोघींनी मिळून केलेलं काहीतरी हवं होतं. कॉलेजात गेल्यापासून जी मुलगी मला "चल" म्हणाली नव्हती, ती आपणहून नेतेय म्हटल्यावर मी ठरवलं, आज कशातही चुका काढायच्या नाहीत. तिच्या ड्रायव्हिंगमध्येसुद्धा.

"अर्धा तास टिकशील," माझा निश्चय ऐकून नवरा म्हणाला.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पूर्वी कोरणारा वेगळा असायचा, छापणारा वेगळा. मग मी कोरणार, लेक छापणार, असं ठरलं. बाई पुढेही बरंच सांगत होत्या, पण तोवर मी कोरणी उचलली होती. इतकी वर्षं दिवाळीला रांगोळी काढणाऱ्या बाईला रेघ काय शिकवायची? शिडं, काठ, लाटा, सगळं एका दमात कोरलं.

बाई मागे येऊन थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, कोरलेला भाग कागदावर पांढरा राहतो. रेघा ठेवायच्या असतात, आजूबाजूचं लाकूड काढायचं असतं. मी नेमक्या रेघाच काढून टाकल्या होत्या. दुसरी फळी नव्हती.

"आई, तू ऐकलंच नाहीस ना?"

"ऐकलं की. अर्धं."

"यार, आई!"

ती रागावली असती तर तो तिचा हक्कच होता. तिनं फळी उचलून उजेडात तिरकी धरून पाहिली. मग काळी शाई बाजूला सारून तिनं फळीवर गडद निळा रंग लावला.

"कागद त्या बाजूनं धर. आणि प्लीज, काही नीट करू नकोस."

मी धरला. तिनं कागदाची पाठ गोल गोल घासली. दोघींनी दोन-दोन कोपरे धरून तो उचलला. निळ्याभोर पाण्यात पांढऱ्या रेघांच्या तीन होड्या. एका शिडाला माझी कोरणी निसटल्याचा ओरखडा.

"हे मी नेणार," ती म्हणाली. "तुला पण एक काढू?"

डावीकडे रंग जरा जाड बसला होता. अगदी जिभेवर आलं होतं माझ्या.

"काढ," मी म्हणाले, आणि दुसऱ्या कागदाचे माझे दोन कोपरे धरले.