एक तार माफ

आमच्या शुक्रवार पेठेतल्या नाजनीनने समुद्र कधी पाहिलेला नाही, पण समुद्राच्या तळाचा साठ किलोमीटरचा पट्टा तिला तोंडपाठ आहे. तळाशी गॅसचा मोठा नळ टाकलाय. एक यंत्र, कुणी न चालवता, त्या नळाच्या कडेकडेने पोहत जातं आणि फोटो काढून आणतं. ते फोटो तपासायचं काम आमच्या सोलापूरच्या ऑफिसात चालतं. मी शेजारच्या टेबलावर डुलक्या काढत तपासतो. ती डोळ्यांत तेल घालून तपासते, आणि मला त्याचा रागही येतो.

ही नजर तिच्या आईची. जाहिदाचाचींनी बावीस वर्षं चादरीच्या कारखान्यात, विणायच्या मागांच्या घरघरीत, माल तपासला. त्यांचा नियम लेकीलाही ठाऊक होता: "एकच तार सुटली असंल तर चादर पास करायची. दुसरी सुटली तरच बाजूला टाकायची. माल सोडायला बी शिकावं की."

नोव्हेंबरच्या फोटोंत नाजनीनला नळाखाली हातभर पोकळी दिसली. वाळू वाहून गेली होती. तिने ती सोडून दिली. एक तार माफ.

एप्रिलचे फोटो आले तेव्हा ती पोकळी एकोणीस मीटर झाली होती. खालची वाळू गेली की नळ अधांतरी राहतो, प्रवाहात थरथरतो आणि थरथरून थरथरून एक दिवस चिरतो. हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. नाजनीनने फोटो मोठा करून पुन्हा मोजला. तो नळ भर समुद्रातल्या ज्या लोखंडी फलाटावर वर निघतो, तिथंच तिचा भाऊ हारून वेल्डिंग करतो.

तिने अहवालात सगळं लिहिलं. नोव्हेंबरमध्ये दिसलं होतं, मी सोडलं, हेही लिहिलं. आमच्या प्रियदर्शनी मॅडमनी ती ओळ काढून टाकली. "नोकरी जाईल गं तुझी. पोकळी तर कळवतोयच ना आपण," म्हणाल्या. बाई मनाने चांगल्या आहेत, म्हणून जास्त वाईट वाटतं.

आठवड्याने गॅस कंपनीचं उत्तर आलं. पोकळी पहिल्यांदाच दिसली आहे. अशी वाळू हलते आणि पुन्हा भरतेही. दोन तपासण्यांत दिसली तरच दुरुस्ती करतो. पावसाळ्यानंतर पुन्हा पाहू.

नाजनीन ते दोनदा वाचून मला म्हणाली, "कुंडलिकभाऊ, त्यांचा बी नियम अम्मीचाच हाय की." मला हसू आलं नाही. तिने त्याच मिनिटाला नोव्हेंबरचा फोटो शोधला आणि मॅडमना न विचारता, स्वतःच्या नावानिशी कंपनीला पाठवला. मे सरत आला तरी तिकडून ना हो, ना नाही. जून चार दिवसांवर आला होता. समुद्र खवळला की दुरुस्तीची जहाजं बंदरातून हलत नाहीत.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो, तेवढ्यात हारूनचा फोन आला. नाजनीनने तो स्पीकरवर टाकला.

"हारून, तू सुट्टी घेऊन ये. आजच."

"काम टाकून कसा येऊ? माणसं कमी हायत." तो नेहमीसारखाच बोलत होता. "हितं सगळं बरं हाय. फक्त जिन्याखालचा, समुद्रातनं वर येणारा गॅसचा नळ चार दिवस झाले गुणगुणतोय. लई मजा वाटते. थांब, ऐकवतो."

त्याने फोन नळाजवळ धरला. बारीक, एका लयीत, न थांबणारी घरघर.

नाजनीनचा हात कपावरच राहिला. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. चाची मात्र डोळे मिटून कौतुकाने ऐकत होत्या.

"हारून," त्या म्हणाल्या, "समुद्रात माग कुटनं आला रे?"