गोजरकाकूच्या माहेराचं दार

लग्न होऊन राहात्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात गोजरकाकू घर सताड उघडं टाकून पेरूच्या बागेत निघून गेली. मागे कुत्रं शिरलं. त्याने टोपल्यातल्या भाकरी ओढल्या, दुधाचं पातेलं लवंडलं आणि चुलीपुढच्या कोमट राखेत अंग टाकून दिलं. सासू परतली तेव्हा ते गाढ झोपेत होतं.

"दार ठावं न्हाई का गं तुला?" सासूने विचारलं.

"दार ठावं हाय," नवी नवरी म्हणाली. "पर त्याचं काय करायचं ते ध्यानात ऱ्हात न्हाई."

ती खोटं बोलत नव्हती. गोजरकाकू, म्हणजे माझी थोरली चुलती, शनिशिंगणापूरची. तिथल्या घरांना चौकट असते, कवाड नसतं. देवाचा पहारा आहे, चोरी होत नाही, ही गावाची श्रद्धा. चौकटीत पडदा असायचा आणि जनावर शिरू नये म्हणून खाली आडवी लावलेली एखादी फळी. एवढ्यावर काकूचं बालपण गेलं होतं. कडी घालायची हे तिच्या हातांना कुणी शिकवलंच नव्हतं.

कुत्र्याची गोष्ट गल्लीभर झाली आणि तिला नाव पडलं, बिनदाराची. "बिनदाराची आली का नळावर?" "बिनदाराचे, विळी दे गं जरा." सुरुवातीला म्हणे ती न्हाणीत जाऊन रडायची. मग कधीतरी तिने ते नाव अंगावर घेतलं, नवं लुगडं एक-दोनदा धुतल्यावर मऊ होतं तसं ते तिला झालं. आता साठी ओलांडली तरी कुणी दारावर थाप मारून "कोन हाय घरात?" विचारलं की आतून तिचंच उत्तर येतं, "हाय की, बिनदाराची हाय."

कडी लावायला ती शिकली. पण दार लावलं की तिला घर एकदम लहान वाटतं. माहेरी पहाटेचा उजेड अंथरुणापर्यंत यायचा, डोळे उघडले की समोर अंगणातला कडुनिंब दिसायचा. इथे डोळे उघडले की लाकूड दिसतं, असं ती म्हणते. तक्रार म्हणून नाही, पेरूला यंदा देवी रोग पडलाय हे जशा आवाजात सांगते, तशाच आवाजात.

गेल्या माघात तिच्या थोरल्या भावाच्या मुलाचा, ओंकारचा फोन आला. काकू ओट्यावर पेरू निवडत होती आणि मी तिच्याशेजारी बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"आत्या, गुरुवारी पूजा हाय घरी. मान तुझा, तू यायचंच."

"कशाची रं? नव्या घराच्या चौकटीची तर मागंच झाली."

"चौकटीची न्हवं." ओंकार जरा थांबला. "कवाड बसवतोय."

काकूने हातातला पेरू उलटा-सुलटा करून पाहिला. तो चांगला होता, तरी तिने तो डागी ढिगात टाकला.

"दादा काय म्हनतो?"

"बापू काय म्हननार. गप हायत."

"मग मी बी गप हाय," असं म्हणून तिने फोन बंद केला. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाली, "माहेराला कवाड लागल्यावर मला बिनदाराची कशापायी म्हनायचं लोकांनी?"

मी हसले. ती हसली नाही.

जाणार नाही, असं ती तीन दिवस सांगत राहिली. गुरुवारी सकाळी मात्र ठेवणीतलं इरकल नेसून तयार होती. "चल माझ्यासंगं. बघून येऊ नुसतं. मी काय हात लावनार न्हाई."

शिर्डीहून शिंगणापूरला जायला भाविकांच्या जीप असतात. आम्हीही त्यातच बसलो. सोनईच्या पुढे रस्त्याकडेला रसवंत्या सुरू झाल्या, उसाचे चरक ओढत बैल गोल फिरत होते, आणि काकू खिडकीकडे सरकून बसली. जीप एका पूजासाहित्याच्या दुकानापुढे थांबली. दुकानातली पोरसवदा बाई तेलाची बाटली आणि रुईच्या पानांची माळ घेऊन थेट काकूपर्यंत आली.

"घ्या मावशी, देवाला तेल."

"मला नगं बाई. मी हितलीच हाय."

"सगळ्याच म्हनत्यात तसं," ती बाई म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

काकूने पदर सारखा केला आणि गावातून चालताना ज्या घरांना दारं बसली आहेत तिकडे बघायचं टाळलं. ती तीन-चारच होती, पण टाळायला मान बरीच वळवावी लागली.

जुन्या जागेवरच ओंकारने स्लॅबचं घर बांधलंय. ओट्यावर सहादेवमामा, काकूचे थोरले भाऊ, बसले होते. बहिणीला पाहून त्यांनी नुसतं सरकून जागा केली. भिंतीला टेकवून ठेवलेलं नवं कवाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं. काकू त्याच्या शेजारून अशी गेली की जणू तिथे अनोळखी पाहुणा उभा आहे.

ओंकारची बायको दिशा बेलापूरची. तिने पाणी दिलं, चहा दिला, पाया पडली, पण नजर उचलली नाही. हे कवाड तिच्या हट्टावर येतंय हे काकूला ठाऊक होतं, आणि ते काकूला ठाऊक आहे हे दिशाला.

मुहूर्त चारचा होता. जेवणं झाल्यावर काकू पुढच्या खोलीत चौकटीकडे तोंड करून आडवी झाली. "आज शेवटचं बघून घेते," मला म्हणाली आणि तिचा डोळा लागला.

पडदा बाजूला झाला तेव्हा मला वाटलं सुतार आला. चौकटीत एक माणूस उभा होता, मागे त्याची बायको आणि दोन मुलं. त्याने मोबाईल समोर धरला होता.

"बघा, खरंच दार नाही," तो मुलांना म्हणाला. मग काकूला, "मावशी, उठू नका, तसंच राहू द्या. चोरी खरंच होत नाही का हो?"

काकू दचकून उठली. तिचा पदर ढळला होता, अंबाडा सुटला होता. तिने घाईने पदर खांद्यावर ओढला. इतक्यात आतून दिशा आली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "दादा, हे राहतं घर हाय. देऊळ तिकडं." तिने पडदा ओढून घेतला आणि खालची फळी पायाने सरकवली. हे तिने इतक्या सवयीने केलं की काकू तिच्याकडे बघत राहिली.

"रोज येत्यात?"

"शनवारी, आमुशाला लई. एरवी दोन-चार." दिशा खाली बसली. "वाईट नसत्यात आत्या. बघायचं असतं त्यांना. पर मी बाळाला घ्यायला बसले की…" ती थांबली. "मी न्हाणीत जाऊन पाजते त्याला. पडदा आतनं दोरीनं बांधून. उभ्यानं."

काकू बराच वेळ केस बांधत राहिली.

"आमची आई बाळंतीन झाली की ह्याच जागंवर खाट असायची," ती म्हणाली. "अशी चौकटीसमोरच. समदा गाव रस्त्यानं जायचा. पर आत कोन बघायचं न्हाई. ओळखीची हुती ना समदी."

"व्हय," दिशा म्हणाली.

चार वाजता सुताराने कवाड चौकटीशी आणून उभं केलं. ओंकारने ताट आणलं, हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची दोन फुलं. शेजारच्या दोघी-तिघी जमल्या. सगळ्यांनी काकूकडे पाहिलं. काकूने ताट घेतलं, क्षणभर धरलं आणि दिशाच्या हातात दिलं.

"तू लाव."

"मान तुझा हाय, गोजर," सहादेवमामा त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलले.

"माझा हाय म्हनूनच दिला. मी लावलं तर कुंकू वाकडं लागंल."

शेजारणी हसल्या. मामा हसले नाहीत. हळूच म्हणाले, "देवाला काय वाटंल, सांग."

"देवाचं देव बघंल. तिचं कोन बघनार?"

दिशाने कुंकू लावलं. बोटं सरळ उतरली. सुताराने बिजागऱ्यांचे स्क्रू पिळले. कवाड पहिल्यांदा लोटलं गेलं तेव्हा खोलीत एकदम अंधारलं आणि लगेच कुणीतरी दिवा लावला. काकू तेव्हा आत होती. तिने बाळाला मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्याशी काहीतरी बोलत होती. मला ऐकू आलं नाही.

निघताना दिशाने ओटी भरली. पाया पडायला वाकली ती लवकर उठेना. काकूने तिच्या पाठीवर हात ठेवला, "बसून पाज आता," एवढंच म्हणाली.

मामा आम्हाला जीपपर्यंत सोडायला आले. बहीण-भाऊ बरोबरीने चालत होते, मी थोडी मागे. देवळाकडून येणाऱ्या गर्दीत दोघं एकदा वेगळे झाले आणि परत जुळले. जीप भरायची होती. काकू खिडकीशी बसली, मामा बाहेर उभे राहिले.

"दादा," ती म्हणाली, "आता येताना फोन करून येईन."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ती कधी कळवून माहेरी गेली नव्हती. मनात आलं की पिशवी भरायची. पडदा सारून आत गेली की जे दिसेल त्याच्या हातचं काम घ्यायचं, एवढीच तिच्या येण्याची वर्दी असायची. आता "कशाला गं?" असं मामा म्हणतील, याची ती वाट बघत होती. तिची मान तशी बाहेर वळलेली होती.

"बरं," मामा म्हणाले.

काकूने मान हलवली. ड्रायव्हर अजून दोन माणसांसाठी हाका मारत होता. मामांनी खिडकीच्या कडेवर हात ठेवला आणि विचारलं, "औंदा पेरू कसा हाय तुमच्याकडं?"

ती सांगू लागली. बहार कसा उशिरा धरला, पाणी कसं पुरवलं, देवी रोगाचे डाग कसे पडले, कुठला माल शिर्डीला गेला आणि कुठला पुण्याला. एवढं सविस्तर ती माझ्याशीही कधी बोलत नाही. मामा प्रत्येक गोष्टीला "व्हय का" म्हणत होते, आणि जीप भरली तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं.