आमची गाडी कुणी नेली नाही

आमच्या ह्यांनी जुनी निळी मोटार घेतली, तेव्हा पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत स्कूटरच्या वरचं वाहन कुणाकडे नव्हतं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. गाडी दारात आली आणि ह्यांची झोप गेली. तोवर साधे सरकारी कारकून होते, ते आता गाडीचोरांचे अभ्यासक झाले. पानटपरीवर, स्टँडवर, कचेरीत जो भेटेल त्याला विचारायचे, की वाटेत अडवून गाडी पळवतात ती नेमकी कशी. ऐकलेलं सगळं घरी येऊन मला सांगायचे. मी भाकरी थापत असायचे. मला गाडी चालवता येत नव्हती, पण पळवायची कशी याचं शिक्षण वर्षभरात पूर्ण झालं.

सायकलवरचा एक जण शेजारून ओरडत जातो, साहेब, मागचं चाक बसलं. तुम्ही बघायला उतरता, किल्ली आतच राहते, आणि दुसरा आत बसतो. म्हणून किल्ली काढल्याशिवाय बूड हलवायचं नाही. काचेवर अंडं फोडतात. वायपर लावला की सगळी काच पांढरी होते आणि थांबावंच लागतं. म्हणून वायपरला हात लावायचा नाही, दिसतंय तेवढ्यात पुढची वस्ती गाठायची. कडेवर पोर घेतलेली बाई हात दाखवते, तेव्हा काच चार बोटंच खाली घेऊन बोलायचं. आणि सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे रस्त्यात आडवा पडलेला माणूस. त्याच्यासाठी उतरायचं नाही, पुढच्या गावात जाऊन पोलिसांना सांगायचं. हे सगळं शहाणपणाचंच होतं, मी नाही म्हणत नाही.

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ह्यांना कुणीतरी रोटर काढायला शिकवलं. इंजिनात एका टोपणाखाली अक्रोडाएवढा काळा रोटर असतो. तो काढून घेतला की चोरानं किल्ली फिरवून मनगट मोडून घेतलं तरी गाडी ढिम्म हलत नाही. झालं. त्या दिवसापासून गाडी कुठंही थांबली की हे आधी बॉनेट उघडायचे. मेथीची जुडी घ्यायला थांबलो तरी रोटर खिशात. भाजीवाली मला म्हणायची, ताई, रोजच बिघडती का हो गाडी.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी शेजारच्या दुकानात फोन आला. सासूबाईंचे थोरले भाऊ गेले. त्यांचं गाव साक्रीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. निरोप असा होता की बहिणीसाठी चार वाजेपर्यंत थांबतो, ऊन फार आहे, त्यापुढे ठेवता येणार नाही. सासूबाईंचा बाप त्या लहान असतानाच गेला होता. त्यांना त्या भावानंच वाढवलं, उजवलं, बाळंतपणाला न्यायला दरवेळी तोच आला. त्या रडल्या नाहीत. लुगडं बदललं, पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "मन्हा भाऊनं एकदाव तोंड दखू द्या माले." भावाचं तोंड एकदा पाहायचं, दिवसभर त्यांचं दुसरं मागणं नव्हतं.

वाटेत धरणगावहून त्यांच्या दोन चुलत बहिणी घेतल्या. तिथंही ह्यांनी बॉनेट उघडलंच. मग धुळं मागे टाकून साक्रीच्या वाटेला लागलो. आमच्याकडे मयताला निघालेल्या बाया गावाची शीव लागेपर्यंत रडत नाहीत. तोवर ऊन, पाऊसपाणी, कुणाच्या पोरीचं जमलं ते बोलतात, आणि शीव आली की गळा काढतात. तिघी मागच्या सीटवर सकाळपासून आवंढे गिळत बसल्या होत्या.

साक्री मागे पडली, आतला अरुंद रस्ता लागला, घड्याळात दोन वाजले होते. आणि समोर रस्त्याच्या मधोमध एक माणूस आडवा पडलेला. शेजारी सायकल, कपाळावर लाल डाग, तोंडावर पांढरा पंचा.

ह्यांचे डोळे असे चमकले, जसे काही वर्षभर त्याचीच वाट पाहत होते. म्हणाले, युक्ती आहे, कुणी उतरायचं नाही. पण दोन्हीकडं बाभळी, वळसा घालायला जागाच नाही. गाडी थांबली. ती थांबताच मागची दोन्ही दारं उघडली आणि तिघी म्हाताऱ्या त्या माणसाभोवती फतकल मारून बसल्या. पांढऱ्या पंच्याखालचा माणूस पाहिला आणि सकाळपासून अडवून धरलेलं सगळं तिथंच सुटलं. सासूबाईंनी पंचा बाजूला करून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. शीव अजून चार मैल लांब होती, पण असा हंबरडा मी आयुष्यात ऐकला नाही.

बाभळीतून दोघं जण निघाले. मोठ्या मिशीवाल्याच्या हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी होती. पण समोर तीन म्हाताऱ्या ऊर बडवताहेत म्हटल्यावर दोघं जागीच थबकले. मिशीवाल्यानं टॉमी पाठीमागे लपवली आणि डोक्यावरची टोपी काढली. मेलेल्या माणसापुढं टोपी काढायची सवय, दुसरं काय. एकीनं त्याला हात धरून खाली बसवलं आणि विचारलं, तुझा कोण लागत होता रे बापा. तो बिचारा म्हणाला, धाकला भाऊ. मग तिनं त्याच्याही गळ्यात पडून सूर लावला.

इकडे सासूबाईंचे अश्रू त्या पडलेल्याच्या नाकात गेले आणि तो फटकन शिंकला. बाया किंचाळल्या. सासूबाई मात्र किंचाळल्या नाहीत. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, चला, एक तरी वाचला. तो पोरगेला इसम उठून बसला आणि मिशीवाल्याकडे पाहू लागला, की आता काय करायचं.

मिशीवाल्याला आपला धंदा आठवला. त्यानं टॉमी पुढं घेतली आणि किल्ली मागितली. ह्यांनी निमूट दिली. एवढ्या गडबडीत ह्यांनी काय केलं होतं ते फक्त मी पाहिलं होतं. बाया उतरल्या तसे हे खाली उतरले, बॉनेट उघडलं, रोटर काढला, टोपण परत बसवलं, आणि बाभळीतून माणसं येताना दिसली तसा रोटर तोंडात टाकला. डावा गाल फुगला होता, जशी दाढच सुजली आहे.

मिशीवाला आत बसला, किल्ली फिरवली. गाडी नुसती कण्हली. त्यानं ह्यांना विचारलं, काय झालं हिला. हे म्हणाले, "हं." परत विचारलं. परत "हं." सासूबाईंनीच मग सांगितलं, की मामा गेला याचा, लहानपणी त्याच्याच खांद्यावर खेळला, सकाळपासून लेकराची वाचा बसली आहे. तो दांडगा माणूस हे ऐकून विरघळला. ह्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, रडून घ्या साहेब, मोकळे व्हा. ह्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. रोटर घशाकडे सरकत असावा.

मग तिघा चोरांनी गाडी ढकलली. एकदा पुढे, एकदा मागे, परत पुढे. घामानं निथळले. बॉनेट उघडून तारा हलवून पाहिल्या, पण टोपणाखाली बघायची अक्कल कुणाला नव्हती. हसावं की रडावं मला कळेना. आणि घड्याळात तीन वाजून गेले.

सासूबाई उठल्या आणि मिशीवाल्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाबा, गाडी तूच ली जा. पन माले पोचाडी दे. चार वाजता उचलतीन मन्हा भाऊले." गाडी नेणारा आणि पोचवणारा, दोघं त्यांच्या लेखी एकच होते. त्यांना तोंड पाहायचं होतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाल घट्ट केला. थुंकला असता तो रोटर, तर गाडी सुरू झाली असती. कदाचित चोरांनी नेली असती, कदाचित आधी म्हातारीला पोचवलंही असतं. सांगायचं माझ्याही ओठांवर आलं होतं. म्हटलं, वर्षभर पोटाला चिमटा काढून घेतलेली गाडी आहे. मी गप्प बसले.

त्या शिंकलेल्यानं सायकल उचलली. कपाळावरचा लाल रंग पुसला, पंचा घडी करून कॅरिअरवर ठेवला आणि म्हणाला, "चाल आक्का, बस." सासूबाई जन्मात सायकलवर बसल्या नव्हत्या. त्या बसल्या, त्याची कंबर धरली, आणि डुगडुगत ती सायकल वळणाआड गेली. बाकीचे दोघं किल्ली गाडीतच टाकून, गाडीला एक लाथ घालून बाभळीत शिरले.

ते गेल्याची खात्री पटल्यावर हे तोंडातून रोटर काढू लागले. ओठ फाटला, पण निघाला. पुसून बसवला आणि पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. दोन मैलांवर सायकल गाठली. ह्यांनी हॉर्न मारला, डोकं बाहेर काढून आई, आई म्हणून हाका मारल्या. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं. गाडी पाहिली, चालवणारा पाहिला. मग पुढं तोंड करून त्या पोराच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "चाल रे दादा, थांबू नको."

उरलेले दोन मैल आमची मोटार सायकलच्या मागून पहिल्या गियरमध्ये गेली.

तिरडी बांधून झाली होती. माणसं वाट देत बाजूला झाली. सासूबाईंनी भावाचं तोंड पाहिलं, गालावर गाल ठेवला, आणि तिथं मात्र त्या मोठ्यानं रडल्या नाहीत. उठल्या तेव्हा गावातल्या कुणीतरी त्या घामाघूम झालेल्या पोराकडे बोट दाखवून विचारलं, आक्का, हा कोण तुझ्याबरोबर आलेला. हे बाजूलाच उभे होते, ओठातून रक्त येत होतं, हातात गाडीची किल्ली.

सासूबाई म्हणाल्या, "हाऊ मन्हा आंडोर शे. त्यानीच आनं माले."

आंडोर म्हणजे मुलगा. कुणीतरी त्या पोराला तांब्याभर पाणी आणून दिलं. मग त्याला तिरडीला खांदा द्यायला बोलावलं आणि तो गेलाही. हे गाडीकडे चालत गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. तोंड उघडायचं मीही टाळलं होतं, म्हणून मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.