लेकीचं सूतक

आई गेली त्या दिवशी सासूबाईंनी नगरहून फोनवर नियम सांगितला. "लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं सूतक तीन दिवस. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घे आणि घराकडे बघ." मी बरं म्हटलं. रागवायचंही त्राण नव्हतं तेव्हा. आता आहे, म्हणून लिहिते आहे.

आई आमच्याकडे चेन्नईला राहायची. मी एकुलती एक, वडील आधीच गेलेले. नवरा रेल्वेत, अयनावरमला क्वार्टर. आईला हे शहर कधी मानवलं नाही. "इथे नळाला पाणी नाही, हवेला मात्र भरपूर आहे," असं ती घाम पुसत म्हणायची. मग तिला अर्धांगवायू झाला आणि ते बोलणंही गेलं. पुढची दोन वर्षं मी तिला मऊ भात भरवला, पुसून काढलं, कूस बदलली. तिचे डोळे माझ्यामागे फिरत राहायचे. काय सांगायचं होतं ते कधी कळलं नाही. लोक मला सेवाभावी म्हणायचे आणि मी आतून रोज थोडी थोडी विझत होते.

ती गेल्यावर खालच्या मजल्यावरच्या सोलापूरच्या काकू भेटायला आल्या. "सुटल्या हो बिचाऱ्या. आणि खरं सांगू, तूही सुटलीस." जो आला तो हेच म्हणाला. मला काही सुटल्यासारखं वाटत नव्हतं. चौथ्या दिवशी न्हाले, देवापाशी दिवा लावला, नवऱ्याचा डबा भरला. तेरावा गावी चुलतभावाने केला. माझं काम संपलं होतं म्हणे.

दुपारी चार वाजता आईची कूस बदलायची असे. ती गेल्यावरही मी चारला उठून तिच्या खोलीत जायची आणि रिकाम्या कॉटजवळ उभी राहायची. पुढे पुढे उठणंच बंद झालं. वेणी घालायची म्हणजे डोंगर उचलायचा. भाजीवाली खालून हाक मारायची, मी ऐकत पडून राहायची. रडू येत नव्हतं. रडले असते तर निदान कुणाला काही कळलं तरी असतं. "मन रमव कशात तरी," नवरा म्हणायचा. "मंडळात येत जा," काकू म्हणायच्या. मन म्हणजे काय किरकिरं पोर आहे, खुळखुळा वाजवला की रमायला?

आषाढात आई गेली आणि दिवाळी आली. सासूबाईंचा फोन आला, "आपल्या घरात काही अडचण नाही. ते सूतक माहेरचं. फराळ कर." मी चिवड्याचे पोहे भाजायला घेतले आणि ओट्याशी खाली बसले. बसूनच राहिले. पोहे काळे झाले, धूर झाला, काकू धावत वर आल्या, त्यांनी गॅस बंद केला. मी तिथेच होते आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. या गोष्टीची मात्र मला भीती वाटली. संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "मला डॉक्टरकडे ने. मी बरी नाहीये." दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. तेवढं श्रेय त्याचं आहे.

एग्मोरला एक तमिळ डॉक्टरीणबाई होत्या. माझ्या मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या तमिळमध्ये आमचं बोलणं झालं. त्यांनी विचारलं, "आईचा शोक किती दिवस केलात?"

"तीन," मी म्हटलं.

"तीनच का?"

"आमच्यात लेकीला तेवढाच असतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि त्याआधीची दोन वर्षं?" मला रडू आलं, इतकं की नवरा बाहेरून आत डोकावला.

त्या म्हणाल्या, हा आजार आहे, याला डिप्रेशन म्हणतात. दुःख दाबून दाबून फार दिवस साचलं की असं होऊ शकतं. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. गुण सावकाश आला. पुढे एकदा मी त्यांना म्हटलं, हल्ली मला सगळ्यांचा राग येतो. त्या हसल्या, म्हणाल्या, छान, आजाऱ्याला भूक लागायला लागली.

संक्रांतीला सासूबाई आल्या. हळदीकुंकवाला बायका यायच्या म्हणून त्यांनी माझ्या गोळ्या उचलून कपाटात ठेवल्या. "चारचौघींत वेडाच्या गोळ्या कशाला?" मी त्या परत आणून टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवल्या. "तुमच्या बीपीच्या गोळ्या इथेच असतात ना? माझ्याही इथेच राहतील." बायका आल्या. मी वाण दिलं आणि सगळ्यांसमोर पाण्याबरोबर गोळी घेतली. कुणाला काही झालं नाही.

पुढच्या दिवाळीला मी कंदील लावला नाही. रांगोळी नाही, फराळ नाही. सासूबाई पुन्हा आल्या होत्या, त्या हादरल्या. "लोकांना काय सांगणार? कुणाचं सूतक?"

"माझ्या आईचं."

"अगं, तिला वर्ष होऊन गेलं!"

"तेव्हा मला कुणी पाळू दिलं नाही. आता पाळते." नवरा पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला आणि म्हणाला, "राहू दे आई. ती म्हणते ते बरोबर आहे."

सण नसलेल्या घरी शेजारी फराळ आणून देतात. बिनदिव्याचं दार बघून काकू ताट घेऊन आल्या. "कोण गेलं गं?" त्यांनी घाबरतच विचारलं.

"आई."

"त्या तर गेल्या वर्षी ना?"

"हो. तेव्हा तीनच दिवस मिळाले. उरलेलं आता करते आहे."

आता उपदेश येणार म्हणून मी कंबर कसली. काकूंनी ताट टेबलावर ठेवलं, पदराला हात पुसले. "माझी गेली, त्याच्या पाचव्या दिवशी दिराचं लग्न होतं," त्या म्हणाल्या. "मी नवं लुगडं नेसून पंगतीत जिलब्या वाढल्या." मग खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. साठीची बाई, लहान मुलीसारखी रडत होती.

सुटल्या हो, असं काही मी म्हटलं नाही. दार लावलं, त्यांच्याशेजारी बसले, आणि किती वेळ रडायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दिलं.