दात दाखवण्याचा कार्यक्रम

सातवीत असताना मी सायकलवरून पडले आणि पुढचा एक दात अर्धा तुटला. त्यावर पंचवटीतल्या एका डॉक्टरांनी कॅप बसवली. हे डॉक्टर वडिलांचे सकाळच्या फिरण्यातले मित्र. हात हलका, स्वभाव प्रेमळ आणि आवाज असा की दवाखान्यात माइक बसवला असता तर तो लाजला असता. तपासायची खुर्ची आणि बाहेरचा बाक यांच्यामध्ये एक फुलाफुलांचा पडदा होता. तो पडदा डोळ्यांपुरता होता. कोणाच्या तोंडाला वास येतो, कोण तंबाखू सोडल्याचं खोटं सांगतं, हे बाकावर बसलेल्यांना फुकटात कळायचं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी नाशिकरोडच्या एका शाळेत शिकवायला लागले होते आणि घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. सटाण्याच्या एका स्थळाकडे माझा फोटो गेला होता. तेवढ्यात अक्कलदाढ दुखायला लागली. वडील सोबत आले. मी चाळिशीतली असते तरी ते आले असते.

डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घातला, आत बघितलं आणि वडिलांना विचारलं, "काढून टाकू?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते," वडील म्हणाले.

मी "आँ, आँ" केलं. त्याचा अर्थ होता, थांबा, आधी मला सांगा. डॉक्टरांनी तो होकार धरला. दाढ निघाली. मग ते खूश होऊन म्हणाले, "आणि तो पुढचा नकली दात बघा, अजून दहा वर्षं हलायचा नाही! लग्नात फोटो झकास येतील!" लगेच त्याच पट्टीत बाहेर ओरडले, "मावशी, कवळी टोचतेय ना? काढून ठेवा, आलोच. आणि काळजी करू नका, कोणाला कळणार नाही!"

बाहेर आले तर बाकावर एक बाई तोंडाला पदर लावून बसली होती. माझ्याकडे टक लावून बघत होती. ती त्या सटाण्याच्या मुलाची मावशी होती, हे मला पुढच्या रविवारी कळलं.

रविवारी ते पाच जण आले: मुलगा, त्याचे आईवडील, काका आणि ती मावशी. 'दाताचं काहीतरी आहे' असा निरोप आधीच आला होता, म्हणून वडिलांनी घाबरून डॉक्टरांनाच बोलावून ठेवलं होतं. डॉक्टर नुसते आले नाहीत, माझा एक्स-रे घेऊन आले. पोस्टाच्या तिकिटाएवढी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी सगळ्यांना माझ्या दाताचं मूळ दाखवलं. पोह्यांच्या बशा खाली ठेवून एकेकाने ती निरखली. मुलाच्या काकांनी चष्मा काढून, पुन्हा लावून बघितली.

"मूळ घट्ट हाय ना पण?" त्यांनी विचारलं.

"एकदम!" डॉक्टर म्हणाले. जणू मी डाळिंबाचं कलम होते.

"जरा हसून दाखव बरं," मुलाची आई मला म्हणाली.

मी उठले आणि काकांच्या हातातून फिल्म काढून घेतली. डॉक्टरांना खरंच वाईट वाटलं. "अगं, मी तुझं चांगलंच सांगितलं ना?"

"चांगलं की वाईट ते जाऊ द्या, डॉक्टरकाका. सांगू का, असं मला विचारलंत का?"

इथे थांबले असते तर आज ही गोष्ट मी मान वर करून सांगितली असती. पण मला चेव चढला होता. मी म्हणाले, "आणि माझाच एक्स-रे कशाला? मावशींची कवळीही आणायची ना बघायला!"

मुलाची आई वळून आपल्या बहिणीकडे बघायला लागली. मावशीचा पदर तोंडावर गेला. डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजले, "निघतो मी."

स्थळ मोडलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मोडल्याचं मला दुःख नव्हतं, पण तो पदर डोळ्यांसमोरून हलेना. डॉक्टरांनी किमान अजाणतेपणी केलं होतं. मी समजून उमजून केलं होतं.

काही महिन्यांनी ती मावशी मला स्टँडवर दिसली, सटाण्याच्या गाडीची वाट बघत. मी जवळ जाऊन माफी मागितली. तिने बाकावर सरकून मला जागा दिली.

मग म्हणाली, "माझ्या चारच दाढा किडल्या व्हत्या. तिकडच्या डॉक्टरनं मालकांना इचारलं. ते म्हनले, सगळेच काढा, घडीघडी यायची कटकट नको. मी तिथंच बसले व्हते, तोंड उघडं टाकून." मग माझ्या हातावर हात ठेवला. "जाऊ दे, पोरी. तुना काही दोस नही शे." दोष होता. पण गाडी लागली आणि ती चढली.

पुढे माझं लग्न झालं, नाशिकमध्येच. दोन हजार सालानंतर केव्हातरी ती कॅप निघाली, तेव्हा मी गंगापूर रोडवरच्या एका तरुण डॉक्टरणीकडे गेले. नवरा आत यायला निघाला तर तिने आधी मला विचारलं, "यांना आत येऊ द्यायचं का?" नवऱ्याला हा अपमान वाटला. मला गंमत वाटली. तो बाहेर बसला. दार लावल्यावर तिने दोन उपाय समजावून सांगितले आणि विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?"

दुसऱ्यांच्या मुलांना दिवसभर प्रश्न विचारणारी मी, मला उत्तर येईना. "तुम्हाला योग्य वाटेल ते," असं चक्क ओठांवर आलं होतं.

"घाई नाही," ती म्हणाली. "विचार करून गुरुवारी या."

बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाली?"

"गुरुवारी बोलावलंय," मी म्हणाले.

"ते झालं. पण काय म्हणाली?"

मी स्कूटरवर मागे बसले आणि म्हणाले, "चला, भाजी घ्यायचीय."