माळावरची बाई

आमचा काका माळावरच्या रस्त्याचा बसड्रायव्हर. दोन गावांच्या मधे नुसता उघडा माळ. झाड नाही, भिंत नाही, वाऱ्याला अडवणारं काही म्हणजे काही नाही. तिथं ठरलेला थांबाही नाही. जो रस्त्याकडेला उभा दिसेल त्याला घ्यायचं, मग गाडी कितीही भरलेली असो, ही ड्रायव्हर लोकांची रीत. काका ती अशा ऐटीत सांगायचा, जणू रस्ता आमच्या आजोबांनीच बांधलाय.

एकदा वळणावर रस्त्याची कड खचली. धुक्यात दिसावं म्हणून रस्त्याच्या मजुरांनी तिथं खांब रोवला आणि त्याला जुना रेनकोट घातला. धुक्यात काकाला ती बाईच वाटली. त्याने गाडी थांबवली, दार उघडलं आणि ओरडला, "चढा लवकर बाई, वारा आत येतोय!"

बाई कसली चढतेय. कंडक्टर म्हणाला, "पूर्ण तिकीट फाडू की अर्धं?" गाडी खदखदून हसली. त्यानंतर रोज कुणीतरी विचारायचंच, "काय ड्रायव्हर, बाई रुसली का?" दुसऱ्यांची टोपी उडवण्यात काका पटाईत, स्वतःची उडाली की मात्र कान लाल.

पुढच्या आठवड्यात पुन्हा धुकं. त्याच वळणाअलीकडे रेनकोटातलं कुणीतरी उभं. कंडक्टरने शीळ घातली, "आली हो तुमची!" काकाने ॲक्सिलरेटर दाबला. मग आरशात पाहिलं. रेनकोट मागून पळत येत होता.

खांब पळत नाहीत, एवढं काकाला कळत होतं. पण मागे सगळी गाडी हसत होती. काका थांबला नाही.

संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा आत्या स्वयंपाकघरात गरम पाण्यात पाय बुडवून बसली होती. तिची लेक त्या दिवशी तालुक्याच्या स्टेशनावरून परदेशी निघाली होती. आत्या अर्धा माळ चालली, मग एक ट्रक मिळाला. पण ती पोचली तेव्हा फलाट रिकामा होता.

"धुकंच तसलं," ती आईला सांगत होती. "याला दिसले असते तर गाडी उलटी घेऊन आला असता बिचारा."

काका दारातच उभा, एक बूट काढलेला. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"दिसलं होतं, अक्का," तो म्हणाला. "तू आहेस हे नाही कळलं. माणूस आहे हे कळलं. लोक हसतील म्हणून नाही थांबलो."

आत्याने पाय पाण्याबाहेर काढले. आईने पुढे केलेला टॉवेल तिने घेतला नाही.

"फोन लाव तिला," ती म्हणाली. "आई का आली नाही, ते तूच सांग."

काकाने फोन लावला. पलीकडून भाचीचा आवाज आला, "हां मामा, बोला ना!" आणि जन्मभर दुसऱ्याला बोलू न देणाऱ्या आमच्या काकाला पहिला शब्द सापडेना.