मिठागरातलं हाड

वजनाची दांडी मानेवर होती. मी बैठक मारून खाली गेलो होतो आणि मला उठता येत नव्हतं.

हनुमान जयंतीचा दिवस. पनवेलची आमची व्यायामशाळा माणसांनी भरलेली. पुढच्या खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, भातगिरणीचे मालक. माझ्या मांड्या थरथरत होत्या. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. वजन अडलं तर धरायला मागे दोघं उभे होते. ते पुढे सरकले. व्यायामशाळेच्या मास्तरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग खुर्च्यांकडे वळून म्हणाले, "मिठागरातलं हाड आहे. वाकायला शिकलंय, उठायला नाही."

लोक हसले. मी तोंडावर आपटलो. दांडी कान सोलत पुढे घरंगळली.

दाराबाहेर माझा बापूस उभा होता. धुतलेला सदरा घालून आला होता. तो पण हसला.

आम्ही कामोठ्याचे आगरी. बापूस मिठागरात, मीही मिठागरात. मिठाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन मी पनवेलच्या बंदरात मालवाहू मचव्यावर चढवायचो. तिथेच मास्तरांनी मला पाहिलं. माझी पाठ पाहिली, पाय पाहिले आणि म्हणाले, संध्याकाळी व्यायामशाळेत ये. पनवेलात मला 'ए आगऱ्या' म्हणायचे. मास्तरांनी नाव विचारलं आणि नावानं हाक मारली. त्या एका हाकेसाठी मी रोज काम आटपून पनवेलला चालत जायचो. पायांना मिठाच्या चिरा पडलेल्या असायच्या, तरी जायचो.

मास्तरांकडे लोखंडी दांडी होती. दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या. तिला ते बारबेल म्हणायचे. ती मानेमागे खांद्यांवर घ्यायची, खाली बसायचं, उठायचं. पहिले महिने मजेत गेले. थोड्या थोड्या दिवसांनी मास्तर चकती वाढवायचे आणि मी उठायचो. मला वाटलं, हे असंच चालणार. मास्तर माझ्या पाठीवर थाप मारायचे. माझ्या बापसाने कधी मारली नव्हती तशी.

माझ्याच बरोबर वकिलांचा श्रीधर शिकत होता. आधी तो अडला. खाली जायचा आणि तिथेच राहायचा. दांडीकडे जाताना त्याचा चेहरा उतरायचा. मास्तरांनी त्याला बाकावर बसवलं, शेजारी बसले. मी बाजूला चकत्या पुसत होतो. सगळं ऐकू येत होतं. ते त्याला समजावत होते की घाबरायचं कारण नाही, हे प्रत्येकाचं होतं. सुरुवातीला शरीर नुसतं कसं बसायचं ते शिकत असतं, म्हणून वजन भराभर वाढतं. ते शिकून झालं की मग खरं जड लागतं. आता दोन दिवस आराम कर, पोटभर खा, चकती उतरव आणि हळूहळू परत चढव.

मग मी अडलो. अगदी तसाच. खाली गेलो की कुणी जमिनीला बांधल्यासारखं व्हायचं. श्वास संपायचा. मी मास्तरांची वाट बघत राहिलो, की मलाही बाकावर बसवतील. त्यांनी बसवलं नाही. आळस करू नकोस म्हणाले. रोज ये, रोज तेवढंच वजन घे, म्हणाले. मी दिवसभर मीठ वाहून रोज तेवढंच घेत राहिलो आणि रोज पडत राहिलो. मला वाटलं, मीच कमी आहे.

हनुमान जयंतीला मी आधीच सांगितलं होतं, मास्तर, हे वजन उठत नाय. ते हसून म्हणाले, मी आहे ना. आणि स्वतःच्या हाताने आणखी एक चकती चढवली.

माझ्यानंतर श्रीधर आला. त्याच्या दांडीवर माझ्यापेक्षा कमी वजन होतं, पण खुर्च्यांवरून चकत्या कोण मोजतो. तो खाली गेला, उठला. टाळ्या पडल्या. हार पडला. माझ्या कानातून रक्त गळत होतं आणि मला सगळं कळत होतं. तो उठलेला दिसावा म्हणून मला पाडलं होतं.

माणसं पांगल्यावर मास्तर म्हणाले, चकत्या उचलून जागेवर लाव. मी एक उचलली. आणि विचारलं, "श्रीधरला जे सांगितलंत ते मना का नाय सांगितलंत?"

ते जराही रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "त्याला पुढे जायचंय. तुला कुठे जायचंय?"

मी चकती खाली ठेवली. "तुमीच लावा," म्हणालो आणि बाहेर पडलो.

बापूस थांबला होता. खाडीकडच्या वाटेने आम्ही चालत होतो. तो सांगत होता की मास्तर मोठा माणूस हाय, उद्या जा, पाय धर. मी ऐकत होतो. मग थांबलो.

"बा, तू का हसलास?"

तो खाली बघून म्हणाला, "सगले हसत व्हते."

त्याच्यावर हात उगारावासा वाटला. आणि त्याच वेळी दिसलं की याला पण कुणीतरी असंच सांगितलं असणार, तुझं हाड एवढंच. आणि याने ते मानलं. जन्मभर.

दुसऱ्या दिवशी मिठागराच्या ठेकेदाराने माझ्या डोक्यावर टोपलीवर टोपली ठेवायला घेतली. नेहमीसारखाच म्हणाला, तुम्हा लोकांना सवय असते. मी डोकं काढून घेतलं. एकच टोपली नेली. तो शिव्या देत राहिला. बापूस माझ्याकडे बघत राहिला.

मास्तरांनी पुढे दोनदा निरोप पाठवला. तालुक्याच्या स्पर्धेला माझ्यासारखा गडी हवा होता त्यांना. मी गेलो नाही. गावाबाहेर पडलेल्या मोडक्या बैलगाडीचा चाकांमधला लोखंडी आस उचलून आणला, त्याला दगड बांधले. आराम केला, दगड कमी केले, परत वाढवले. आजही तळाला गेलो की जड लागतं. लागू दे. जड आहे म्हणून जड लागतं, मी आगरी आहे म्हणून नाही.

यापुढे माझ्या मानेवर काही ठेवायचं असेल तर मी आधी विचारीन, कशासाठी आणि कुणाच्या फायद्यासाठी. सरळ उत्तर आलं नाही तर मान वाकणार नाही.